युद्ध संपल्यावर युधिष्ठिर का रडला?

 

गीता जयंतीच्या पारायणानंतर आपल्या बेळगावच्या ग्रुपवर एका मावशींनी प्रश्न विचारला होता. त्यांची परवानगी घेऊन, नाव न घेता लिहिते आहे. मुलगा फौजेत, सोळा वर्षं नोकरी झालेली. सुट्टीवर आला की दिवसा सगळ्यांशी हसून बोलतो, शेताकडं बघून येतो, भाच्याला शाळेत सोडतो. रात्री मात्र झोपत नाही. गच्चीवर जाऊन बसतो. दिवाळीत फटाके सुरू झाले की बाथरूममध्ये जाऊन दार लावून घेतो. एकदाच आईला म्हणाला, "मी केलं ते बरोबरच होतं आई, पण तो डोळ्यासमोरून हलत नाही." तो म्हणजे कोण, हे सांगितलं नाही आणि मावशींनी विचारलं नाही. त्यांनी ग्रुपवर लिहिलं, "गीता म्हणते शोक करू नकोस. मग माझा पोरगा शोक करतोय म्हणजे त्याचं काही चुकतंय का? त्याला दुसरा अध्याय वाचायला देऊ का?"

दहा मिनिटांत तीसेक उत्तरं आली. रोज दुसरा अध्याय वाचू दे. नामस्मरण वाढवायला सांगा. देशासाठी केलं, त्याला कसलं पाप? बाकी सगळे हात जोडलेले. सगळं मायेनंच लिहिलेलं होतं, त्याबद्दल शंका नाही. पण मावशींचा प्रश्न "शोक करणं चूक आहे का" असा होता, आणि आपण उत्तर दिलं ते "शोक कसा थांबवायचा" याचं. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

मी काही शास्त्री नव्हे. कॉलेजात वाङ्मय घेऊन बी.ए. केलं, मग संसार, आणि आता हे पत्रक टाईप करायची सेवा. पण महाभारत घरात आहे आणि लढाईवरच्या चार कथा-कादंबऱ्या वाचलेल्या आहेत. सैनिकाच्या मनाचं पुढे काय होतं, हे लिहिणाऱ्यांनी कसं पाहिलं आहे, ते थोडं सांगावंसं वाटलं. आपल्या ग्रुपमधल्या कितीतरी घरांत कुणी ना कुणी फौजेत आहे किंवा होता. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र 1922 पासून बेळगावात आहे. पहाटे धावणाऱ्या रिक्रूटांच्या बुटांचा आवाज आपल्याला सवयीचा आहे. पेन्शनीत निघालेले सुभेदार, हवालदार दुधाच्या रांगेत भेटतात. त्यांना आपण "काय सुभेदार, बरं आहे न्हवं?" असं विचारतो आणि उत्तर यायच्या आत पुढे जातो.

आधी गीतेबद्दल. पहिला अध्याय आपण भरभर वाचतो, कारण त्यात भगवंतांचा उपदेश नाही. नावं, शंख, आणि अर्जुनाचं रडगाणं, असं एकदा एक आजी म्हणाल्या होत्या. पण तो अध्याय सावकाश वाचून बघा. व्यासांनी अर्जुनाचे विचार नंतर सांगितले, आधी त्याचं शरीर सांगितलं. गात्रं ढिली पडतात, तोंड कोरडं पडतं, अंगाला कंप सुटतो, काटा येतो, त्वचेची आग होते, हातातलं गांडीव निसटतं, उभं राहवत नाही, डोकं गरगरतं. आजच्या डॉक्टरला ही यादी सांगितली तर तो मान डोलावेल. आणि हा भित्रा माणूस नव्हे. विराटाच्या गायी सोडवताना एकट्यानं सगळी कौरवसेना परतवलेला हा वीर. म्हणजे शूर माणसाचं शरीर असं कोसळू शकतं, हे आपल्या सगळ्यांत लाडक्या ग्रंथाच्या पहिल्याच अध्यायात लिहून ठेवलेलं आहे.

त्यावर भगवंतांनी त्याला चांगलंच खडसावलं, हेही खरंच. पण तो शोक कधीचा? लढाईच्या आधीचा. अजून एकही बाण सुटलेला नव्हता. त्या शोकाला पुढे करून अर्जुन आपलं काम टाकून निघाला होता, म्हणून तिथं शब्द कडक आहेत. मावशींच्या मुलाचा शोक नंतरचा आहे. त्यानं काम टाकलं नाही, केलं. नंतरच्या शोकाला आधीच्या शोकाचं औषध चालेल का? आपण गीतेचा शेवट म्हणजे गोष्टीचा शेवट धरतो. अर्जुनाचा मोह गेला, तो उभा राहिला, आरती. पण व्यास तिथं थांबलेले नाहीत. त्यांच्या दृष्टीनं खरी गोष्ट तिथून पुढे आहे.

तेराव्या दिवशी अभिमन्यू पडला. गीता ऐकलेला अर्जुन त्या संध्याकाळी शिबिरात आला, पोरगा सामोरा आला नाही म्हणून कावराबावरा झाला, आणि कळल्यावर कोसळला. भगवंत शेजारीच होते. त्यांनी त्याला धरलं, धीर दिला. "एवढं सांगितलं, तरी रडतोस?" असं काही म्हणाले नाहीत.

याहून मोठी गोष्ट आश्वमेधिक पर्वात आहे, आणि ती आपल्यातल्या पुष्कळांना ठाऊक नसते. युद्ध संपलं, राज्य मिळालं, श्रीकृष्ण द्वारकेला निघायच्या बेतात आहेत. तेव्हा अर्जुन म्हणतो की देवा, रणांगणावर तुम्ही जे सांगितलंत ते माझ्या मनातून गेलं, पुन्हा एकदा सांगाल का? भगवंतांना हे रुचलं नाही, ते तसं बोलूनही दाखवतात. ते सगळं जसंच्या तसं आता पुन्हा सांगता येणार नाही, असं म्हणतात आणि दुसऱ्या पद्धतीनं, जुन्या कथा घेऊन सांगू लागतात. तीच अनुगीता. साक्षात भगवंतांच्या तोंडून गीता ऐकलेला माणूस अठरा दिवसांच्या लढाईनंतर ती विसरला! मग आपल्या घरातल्या जवानाला एखादा अध्याय वाचूनही झोप आली नाही, तर त्याची श्रद्धा कमी पडली असं आपण कोणत्या तोंडानं म्हणायचं?

आता थोडं आपल्या देशाबाहेर जाते, पण धागा हाच आहे. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून दहा लाखांहून जास्त माणसं समुद्रापार गेली. आपल्याकडच्या मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात होत्या. कुत-अल-अमाराच्या वेढ्यात 147 दिवस अडकून, उपाशी राहून, 29 एप्रिल 1916 ला शरण जावं लागलेल्या फौजेत मराठा सैनिकही होते. फ्रान्सच्या आघाडीवर गेलेल्यांची पत्रं इंग्रजांची सेन्सॉर कचेरी उघडून वाचायची, काही उताऱ्यांचं भाषांतर करून ठेवायची. मूळ पत्रं गेली, ती भाषांतरं मात्र लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत राहिली. त्यात 1915 च्या जानेवारीतलं एक पत्र आहे. इंग्लंडमधल्या इस्पितळात पडलेला एक जखमी जवान घरच्यांना लिहितो की हे युद्ध नव्हे, जगाचा अंत चालला आहे, महाभारतात सांगितलं आहे तसंच हे युद्ध आहे. किती शिकलेला असेल तो? पण जे पाहिलं ते सांगायला त्याला दुसरी भाषा सापडली नाही, महाभारतच आठवलं. आणि आठवलं ते विजयाचं महाभारत नव्हे.

सातारा, कोल्हापूर, कोकण या बाजूच्या काही गावांत त्या युद्धाच्या संगमरवरी पाट्या आहेत. या गावातून इतके लोक लढाईला गेले, त्यापैकी इतके कामी आले. दोनच आकडे. परत आले पण रात्री ओरडत उठायचे, बायकोशी बोलायचे नाहीत, शेताच्या बांधावर नुसते बसून राहायचे, त्यांचा तिसरा आकडा कुठल्याच पाटीवर नाही. तो आकडा मोजला कथा-कादंबऱ्यांनी.

इंदूर-ग्वाल्हेरच्या मंडळींनी शाळेत चंद्रधर शर्मा गुलेरींची "उसने कहा था" वाचली असेल. 1915 सालची गोष्ट, म्हणजे युद्ध चालू असतानाच लिहिलेली. खंदकातला लहनासिंग आजारी पोराला स्वतःचे गरम कपडे देतो, आपली जखम लपवतो, आणि मरताना त्याच्या डोळ्यांपुढे शत्रू नसतो, अमृतसरच्या बाजारातली आठ वर्षांची एक मुलगी असते. आणि गोष्ट कशावर संपते? वर्तमानपत्रातल्या एका बातमीवर, त्यात त्याचं फक्त नाव, पलटण आणि जखमांनी मृत्यू. आत काय होतं आणि बाहेर काय छापून आलं, दोन्ही शेजारी ठेवून गुलेरी गप्प बसतात.

जर्मन लेखक एरिक मारिया रेमार्क स्वतः त्या युद्धात जखमी झालेला. त्याची "ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट" ही कादंबरी 1929 मध्ये पुस्तकरूपानं आली, आणि 1933 मध्ये नाझींनी ती जाहीरपणे जाळली. सैनिक दुबळा दाखवला, हा राग. त्यातला पॉल शाळेतून थेट आघाडीवर गेलेला पोरगा. लोकांना त्यातली लढाई लक्षात राहते, मला राहिली त्याची सुट्टी. घरी आला तर वडिलांना मित्रमंडळींत मिरवायचं असतं, काय काय झालं ते सांग म्हणतात. गावातली जाणती माणसं त्यालाच समजावतात की आघाडी कुठं फोडायला हवी. आई आजारी, अंथरुणाला खिळलेली. ती विचारते, तिकडं फार वाईट आहे का रे? तो म्हणतो, नाही गं. आई आहे, तिला कसं सांगणार? सुट्टी संपताना त्याला वाटतं, आलोच नसतो तर बरं झालं असतं.

मावशींचा निरोप वाचताना मला हेच पान आठवलं. आपल्या घरातही तो "काही नाही गं आई" म्हणतो आणि आपण त्यावर समाधान मानतो, कारण आपल्यालाही तेच ऐकायचं असतं.

त्याच कादंबरीत पॉल एका खड्ड्यात लपलेला असताना एक फ्रेंच सैनिक अंगावर पडतो. पॉल घाबरून सुरा चालवतो. मग तासन् तास त्या मरणाऱ्या माणसाबरोबर त्याच खड्ड्यात. त्याला पाणी पाजतो, जखम बांधतो. तो गेल्यावर खिशातले कागद बघतो तर बायकोमुलीचा फोटो, धंदा छापखान्याचा. आता शत्रूला नाव मिळालं. परत आल्यावर मित्र म्हणतात, युद्ध आहे, व्हायचंच. पॉलही म्हणतो, हो, व्हायचंच. ते दोघंही खरंच बोलतात. पण कुणाचंच मन त्यानं हलकं होत नाही. "मी केलं ते बरोबरच होतं, पण तो डोळ्यासमोरून हलत नाही." बघा, बेळगावचा पोरगा आणि जर्मनीचा पोरगा एकच वाक्य बोलतायत.

डॉक्टरांना हे कळायला वेळ लागला. 1915 मध्ये याला "शेल शॉक" हे नाव छापून आलं, तेव्हा वाटायचं की तोफगोळ्याच्या हादऱ्यानं मेंदू हलतो. ज्यांना सोसलं नाही, जे पळाले किंवा गोठून उभे राहिले, त्यांच्यातल्या कितीकांवर भ्याडपणाचे आणि पळपुटेपणाचे खटले झाले. ब्रिटिश फौजेनं अशा ज्या सैनिकांना गोळ्या घातल्या, त्यातल्या 306 जणांना सरकारनं माफी दिली ती 2006 मध्ये. नव्वद वर्षांनी! पुढे जोनाथन शे नावाच्या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञानं व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांवर उपचार करताना होमरचं इलियड उघडलं आणि 1994 मध्ये त्यावर पुस्तकच लिहिलं. त्याला जुन्या महाकाव्यात आपलेच रुग्ण सापडले. त्याचं एक म्हणणं मला फार पटतं. भीतीची जखम वेगळी आणि "जे योग्य ते मोडलं गेलं" याची जखम वेगळी. दुसरी जास्त खोल जाते. त्याच्या अनुभवात ती भरायला लागते ती सांगता आल्यानं, आणि सांगण्याला जीव लावून ऐकणारी माणसं मिळाल्यानं.

शे यांना इलियडमध्ये सापडलं ते आपल्याला महाभारतात दोन माणसांत सापडतं. एक अश्वत्थामा, एक युधिष्ठिर.

अश्वत्थाम्याच्या बापाला शस्त्र खाली ठेवून बसलेला असताना मारलं, तेही पोरगा मेला अशी हूल उठवून. त्याच्या दृष्टीनं "जे योग्य ते मोडलं गेलं". शेवटच्या रात्री वडाच्या झाडाखाली कृपाचार्य आणि कृतवर्मा थकून झोपी गेले. अश्वत्थाम्याला झोप लागली नाही. व्यासांनी हे मुद्दाम सांगितलं आहे. जागा राहिला म्हणून त्याला झाडावर झोपलेल्या कावळ्यांना मारणारं घुबड दिसलं, आणि त्यातून तो भयंकर विचार सुचला. पुढे झोपलेल्या माणसांची कत्तल झाली, द्रौपदीची पाची मुलं गेली. त्या पापाला क्षमा नाही आणि मी त्याची बाजू घेत नाही. दुःख झालं म्हणून वाटेल ते करायचा परवाना मिळत नाही. पण शाप काय मिळाला, ते बघा. आपण फक्त जखम लक्षात ठेवतो. नर्मदा परिक्रमेला जाऊन आलेले लोक सांगतात की तो किनाऱ्यावर कपाळाच्या जखमेला तेल मागत फिरतो, बुऱ्हाणपूरजवळच्या असीरगडावर येतो वगैरे. व्यासांनी दिलेला शाप याहून कठीण आहे. तीन हजार वर्षं एकटा भटकशील, सोबतीला कुणी नसेल, आणि कुणाशीही दोन शब्द बोलायला मिळणार नाहीत. सैनिकाला देता येईल ती सर्वांत मोठी शिक्षा व्यासांना कोणती वाटली? मरण नव्हे. बोलायला कुणी नसणं.

आणि युधिष्ठिर? तो जिंकला. शांतिपर्वाच्या सुरुवातीला तो म्हणतो की हा जय मला पराजयासारखा वाटतो, मला राज्य नको, मी वनात जातो. नुसतं "वाईट वाटतं" असं त्याचं बोलणं नाही. तो एकेक कृत्य नाव घेऊन सांगतो. ज्यांनी अंगाखांद्यावर खेळवलं त्या भीष्मांना शिखंडी पुढे करून पाडलं. द्रोणांना मीच अर्धवट खोटं सांगितलं, त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला होता. अभिमन्यूला चक्रव्यूहात मीच धाडलं, तेव्हापासून मला अर्जुनाच्या आणि कृष्णाच्या तोंडाकडे बघवत नाही. आणि कर्ण. तो थोरला भाऊ होता, हे कळलं ते त्याला मारून झाल्यावर. त्यात युधिष्ठिर एक बारीक गोष्ट सांगतो. द्यूतसभेत कर्ण वाटेल ते बोलत होता तेव्हा मला राग यायचा, पण त्याच्या पायांकडे नजर गेली की राग ओसरायचा, कारण ते पाय आईच्या पायांसारखे दिसायचे. तेव्हा कारण कळलं नव्हतं! ज्यानं हे लिहिलं त्याला युद्धावरून परतलेल्या माणसाचं मन किती आतून ठाऊक असेल. असा माणूस रात्री जागतो तो विजयाच्या आठवणींनी नाही, कुणाचे तरी पाय आठवून जागतो.

मग सगळे त्याला समजवायला बसतात. अगदी आपल्या ग्रुपसारखं. अर्जुन चिडून राजधर्म सांगतो. भीम टोमणे मारतो. नकुल, सहदेव आपापल्या परीनं बोलतात. द्रौपदीचं बोलणं सगळ्यांत धारदार. इथं मला थांबावंसं वाटतं, कारण द्रौपदीला आपण पटकन कठोर ठरवतो. तिचे वडील गेले, भाऊ गेले, पाची पोरं गेली. रडायचा सगळ्यांत जास्त हक्क तिचा, आणि ती म्हणते, ऊठ, राज्य सांभाळ. कुणीतरी घर चालवायचं असतं ना. नवरा गच्चीवर बसून राहिला तरी पोरांची फी भरायची असते, सासऱ्यांच्या गोळ्या आणायच्या असतात, ते तिलाच करावं लागतं. जवानांच्या बायका कधीमधी वैतागून बोलतात त्यात मला द्रौपदी दिसते. त्यांचं चुकतं असं मी म्हणणार नाही. त्यांचंही कुणी ऐकत नाही, हेच खरं.

पण एवढ्या बुद्धिमान माणसांच्या युक्तिवादानं युधिष्ठिराचं दुःख गेलं का? नाही. उलट तो अन्नपाणी सोडून इथंच देह ठेवतो म्हणायला लागतो. व्यास स्वतः येऊन समजावतात, श्रीकृष्ण थोर थोर राजेसुद्धा कसे गेले ते सांगतात. इथं भगवंतांचा सूर पहिल्या दिवशीच्या सुरापेक्षा वेगळा आहे, मनाच्या दुबळेपणाचा तो ठपका इथं ऐकू येत नाही. हळूहळू तो उठतो, हस्तिनापुरात येतो, राज्याभिषेक होतो. मग त्याला भीष्मांकडे नेतात.

ज्याला आपण पाडलं, त्याच्याचकडे! युधिष्ठिर लांबच उभा राहतो, लाजेनं पुढे जात नाही. श्रीकृष्णच भीष्मांना सांगतात की तो लाजतो आहे, तुमच्यासमोर यायला भितो आहे. आणि अंगात बाण रुतलेले, मरणाची वाट बघत पडलेले भीष्म म्हणतात की क्षत्रियानं रणात केलं त्यात पाप नाही, ये, बैस, मनात असेल ते विचार, भिऊ नकोस. "त्यात पाप नाही" हेच वाक्य आपण ग्रुपवर मावशींना लिहिलं होतं. वाक्य तेच, पण बोलणारा कोण आहे? भीष्मांनी ते बाणांवर पडून म्हटलं, आपण सोफ्यावर बसून. म्हणून रणात उभं राहून आलेल्या माणसाच्या तोंडून ते वाक्य जास्त लागू पडतं. एखादे पेन्शनर सुभेदार त्या पोराशेजारी गच्चीवर जाऊन बसले, तर ते अर्ध्या तासात जे करतील ते आपल्याला वर्षभरात जमणार नाही. गुरुबंधूंमध्ये असे कितीतरी माजी सैनिक आहेत. सेवा म्हणजे नुसता मंडप घालणं आणि प्रसादाची पंगत वाढणं नव्हे, हीही सेवा आहे. अशा कुणी काकांना यात वेळ द्यायचा असेल तर आपल्या केंद्रप्रमुखांना जरूर कळवावं.

मग युधिष्ठिर विचारतो आणि भीष्म सांगतात. शांतिपर्व अठरा पर्वांत सर्वांत मोठं, त्यानंतर अनुशासनपर्व. आपण समजतो की तो राजनीतीचा आणि धर्माचा कोश आहे. आहेच. पण दुसऱ्या बाजूनं बघितलं तर लढाईवरून आलेला एक माणूस विचारतो आहे, विचारतोच आहे, आणि एक म्हातारा न कंटाळता बोलतो आहे. एका अध्यायात आटप म्हणत नाही.

हे सांगताना एक गोष्ट स्पष्ट लिहिते, कारण आपल्यात याबद्दल गैरसमज आहे. ऐकून घेणं म्हणजे खोदून विचारणं नव्हे. किती मारले, कसं झालं, भीती वाटली का, असे प्रश्न पोरंटोरंच नव्हे, मोठी माणसंही लग्नाच्या पंगतीत जवानाला विचारतात, ते कृपा करून बंद करावं. पॉलच्या वडिलांनी केलं तेच ते. आणि झोप महिनोन् महिने नसेल, दारू वाढली असेल, जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा येत असेल, तर जप चालू ठेवून डॉक्टरकडे न्यायचंच. फौजेच्या इस्पितळात मनाचे डॉक्टर असतात. सरकारच्या टेली-मानस सेवेचा 14416 हा नंबर दिवसरात्र चालतो, फुकट आहे. पायाला गोळी लागली असती तर अंगारा लावून घरात ठेवलं असतं का? मनाला लागली तर का ठेवता?

काहींना वाटेल की हे असलं बोलून आपण जवानांचं मनोबल कमी करतो. मला तसं वाटत नाही. अर्जुन कापत होता हे व्यासांनी लिहून ठेवलं, त्यानं तो कमी शूर ठरला नाही. उलट ज्याला मारण्याचं काहीच वाटत नाही त्याच्या हातात शस्त्र असावं, हे कोणत्या आईला आवडेल? मावशी, तुमचा मुलगा शोक करतो यात त्याचं काही चुकत नाही. कर्तव्य बरोबर असणं आणि मनाला लागणं, ही दोन्ही एकाच माणसात एकाच वेळी खरी असू शकतात. युधिष्ठिराला व्यासांनी धर्मराज म्हटलं ते त्याला वाईट वाटलं तरी, आणि मला तर वाटतं काही अंशी त्याला वाईट वाटलं म्हणूनच. दुसरा अध्याय त्याला अवश्य द्या, पण "हे वाच म्हणजे रडू थांबेल" असं म्हणून देऊ नका. तुम्ही शेजारी बसून तुमच्यासाठी वाचा. त्याला ऐकावंसं वाटलं तर ऐकेल.

आता राहिली एक गोष्ट, जी वाचून मी स्वतः चकित झाले होते. भीष्मांचा एवढा प्रचंड उपदेश संपला. उत्तरायण आलं, त्यांनी देह ठेवला. सगळे गंगेवर तिलांजली द्यायला गेले. इतकं ऐकल्यावर युधिष्ठिराचं मन शांत झालं असेल असं आपल्याला वाटतं. पण आश्वमेधिक पर्व उघडतं तेच मुळी त्यानं. पाण्यातून बाहेर येता येता, व्याधानं मारलेल्या हत्तीसारखा तो काठावर पुन्हा कोसळतो. कृष्णाच्या सांगण्यावरून भीम त्याला सावरतो. तोच भीम, ज्यानं मागे टोमणे मारले होते. आंधळा धृतराष्ट्र त्याला म्हणतो की ऊठ बाळा, शोक करायचा तर मी आणि गांधारीनं करायचा, आमचे शंभर गेले. आणि बाकीचे पांडव, पूर्वी एकेक करून त्याला मुद्दे समजावणारे, या वेळी मुद्दा मांडत नाहीत. तो खाली पडलेला बघून तेही तिथंच, गंगेच्या काठावर, त्याच्याभोवती बसून राहतात.